बाजूच्या सीटवरच्या बाई

दार भोंग्यानेच लावलं. वर कडीही घातली. आणि आपल्या हातून काहीतरी चांगलं घडतंय या समाधानात त्याच दाराला पाठ टेकून उभा राहिला.

हेतू अगदी निर्मळ होता. महिला मदत केंद्रात बदली होऊन त्याला जेमतेम आठवडा झाला होता. त्याआधीची सगळी नोकरी बस स्थानकावर गाड्या पुकारण्यात गेलेली. भोंगा हे नावही तिथलंच. माईक बंद पडला तरी शेवटच्या फलाटावरचा माणूस पिशव्या उचलायचा. घरी बायको म्हणायची, "अहो, मीठच मागताय ना? मग गाडी सुटल्यासारखं काय ओरडता?" आज त्याच्यासमोर नवऱ्याच्या जाचाला कंटाळून आलेली एक मुलगी बसली होती. व्हरांड्यात माणसांची वर्दळ. तिला मोकळेपणाने बोलता यावं म्हणून त्याने दार लावलं, आणि स्वतःच्या मते अगदी हळू म्हणाला, "घाबरू नका."

खिडकीतली कबुतरं उडाली. मुलगी पांढरीफटक पडली. खुर्ची आडवी झाली, भोंग्याच्या काखेखालून एक हात कडीपर्यंत गेला, आणि तो "अहो, अहो" करेपर्यंत ती जिना उतरून फाटकाबाहेर गेलीसुद्धा.

तिला पाठवणाऱ्या शेजारणीने संध्याकाळी येऊन सांगितलं, की नवरा कामावर जाताना तिला खोलीत कोंडून जातो. आज सकाळी तो कडी घालायला विसरला, म्हणून ती निसटू शकली होती; आता ती पुन्हा त्याच खोलीत होती.

"मला कोणी सांगितलंच नाही," भोंगा म्हणाला.

"कोणी सांगत नसतं," बाजूच्या खुर्चीवरच्या बाई म्हणाल्या. "म्हणून दार सगळ्यांसाठीच उघडं ठेवायचं."

या बाई म्हणजे केंद्रातल्या नव्या माणसांना तयार करणाऱ्या बाई. वय साठीच्या पुढे, चष्मा दोरीला बांधलेला, बोलणं तुटक. त्यांनी आयुष्यभर मोटार शिकवली होती. अपघातातून वाचलेली, स्टिअरिंग पाहूनच घाम फुटणारी माणसं शहरभरातून त्यांच्याकडे यायची. बाई गाडी सुरूच करू देत नसत. झाडाखाली उभ्या गाडीत शेजारी बसायच्या आणि सांगायच्या, "किल्ली तुमच्याकडे. दार तुमच्या बाजूला. वाटलं तर उतरा." काही जण पहिले कित्येक तास नुसते बसून घरी गेले. बाईंचे यजमान म्हणायचे, "हिची शाळा एकदम बिनधोक. गाडी हलतच नाही." पण पुढे ती माणसं गाडी चालवत घरी जायची.

केंद्राच्या प्रमुख मॅडम त्यांच्याच शिष्या. त्यांनी बाईंना इथे बोलावलं तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "मला गिअर कळतात, माणसांचं मला काय विचारता?" मॅडम म्हणाल्या, "आमच्या लोकांकडे माया आहे हो. ब्रेक नाहीत." मग बाई आल्या.

येताना एक सवयही घेऊन आल्या. शिकवणाऱ्याच्या पायाशी असतो तसा ब्रेक इथेही आहे, असं त्यांच्या उजव्या पायाला वाटायचं. शिकाऊ माणूस घाई करू लागला की टेबलाखाली तो पाय दाबला जायचा. भोंग्याची खुर्ची नेमकी त्या बाजूला.

मुलगी निघून गेली त्या दिवसापासून त्याचा सराव सुरू झाला. बाई मदत मागायला आलेल्या बाईचं सोंग घेऊन बसायच्या.

"नवऱ्याने नेमकं काय केलं?" भोंग्याने विचारलं. बुटावर पाय.

"बरं, कधीपासून करतोय?" पुन्हा पाय.

"अहो, मग विचारू तरी काय?"

"पाणी हवं का, विचारा."

"एवढंच?"

"आणि ती नको म्हणाली तर आणू नका. तिचं 'नको' किती दिवसांत कोणी ऐकलेलं नाही."

भोंगा ऐकत होता, पण त्याचं चित्त फाटकाशी. ती परत येईल का, एवढाच प्रश्न त्याला पोखरत होता. जेवणावरची वासना उडाली. घरात तो इतक्या हळू बोलू लागला की बायकोने वैद्याचा विषय काढला. शेवटी त्याने मॅडमना गळ घातली, "तिला एक फोन करू या ना. मी माफी मागतो."

"फोन तिच्याच हातात असेल कशावरून?" बाई मध्येच म्हणाल्या. "शेजारीण डोळा ठेवून आहे. आपण दार उघडं ठेवून बसायचं."

बाईंचा चेहरा इतका निवांत होता, की भोंग्याला त्यांचा थोडा रागच आला.

मग एका दुपारी ती आली. शेजारणीने कडी काढून तिला फाटकापर्यंत पोचवलं होतं. ती आत न येता व्हरांड्यातल्या बाकाच्या टोकाला बसली, पाय जिन्याकडे. भोंगा बाहेर आला. उभं राहिलं तर आपण डोंगराएवढे दिसतो हे त्याला आता ठाऊक होतं. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला, जिना मोकळा ठेवून. बाई आपली खुर्ची ओढून त्याच्या शेजारी.

"त्या दिवशी कडी मी लावली. चुकलं माझं," तो म्हणाला. मग विचारलं, "पाणी हवं?"

"नको."

"बरं."

आणि तो गप्प बसला. ज्या माणसाने गाडी पाच मिनिटं उशिरा येणार हेसुद्धा तीनदा पुकारल्याशिवाय सोडलं नाही, तो गप्प बसला. कोणीतरी व्हरांडा झाडून गेलं, तिघांनी पाय उचलले, पुन्हा ठेवले.

"तुमचा आवाज फार मोठा आहे," मुलगी म्हणाली.

"बायकोही हेच म्हणते."

तिच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. मग ती बोलू लागली. आधी तुटक, मग न थांबता. तिला मामीकडे जायचं होतं, पण एकटीने जायचं धाडस नव्हतं. मॅडम स्वतः गाडी काढून तिला सोडायला निघाल्या. गाडीशी मॅडमनी विचारलं, पुढे बसणार की मागे? मुलगी म्हणाली, "पुढे." संध्याकाळी मामीचा फोन आला: पोचली, जेवली, आता झोपली आहे.

भोंग्याने एवढा मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागद हलले. छातीवरचा दगड उतरल्यावर त्याला एकदम बाईंचं कौतुक करावंसं वाटलं.

"बाई, तुम्ही इतके दिवस कशा शांत होतात? ती परत येणार हे तुम्हाला पक्कं माहीत होतं ना?"

"छे हो, मला वाटलं तुम्ही तिला कायमची घालवलीत."