पामचा खोडवा

पामचा नाद आमच्या आळीला मीच लावला आणि आता त्याच नादापायी माझं डोकं फिरायची वेळ आलीय. सकाळी दात घासायला ओट्यावर यावं, तर कुणीतरी पिवळं पान हातात धरून उभा. "हे बघा, काय झालंय याला?" काय होणार? पाणी पाजून पाजून मारलंय. पण तसं तोंडावर सांगितलं की माणूस हिरमुसतो आणि घरी जाऊन आणखी दोन बादल्या ओततो.

मी वालचंदनगरला कारखान्यात फिटर होतो. सगळी नोकरी क्वार्टरमध्ये गेली. आमच्या क्वार्टरपुढच्या रस्त्याला पंख्यासारख्या पानांचे जुने पाम होते. पहिल्या पाळीला जाताना वारा असला की त्यांचा कागद फडफडल्यासारखा आवाज यायचा. निवृत्त झालो, क्वार्टर सोडायचं ठरलं, तेव्हा बायको भांडी बांधत होती आणि मी त्या झाडांखाली वाकून बिया वेचत होतो. जांभळाएवढी निळसर फळं, आत गोटीसारखी टणक बी. बायको दारातून ओरडली, "अहो, कपाट कोण उचलणार? तुमच्या बिया?" कपाट टेम्पोवाल्यानं उचललं. बिया मी मांडीवर घेऊन इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावी आलो. एवढी वर्षं राहिलो त्या घराची एक वीटसुद्धा माझी नव्हती. तिथलं म्हणून माझ्याकडे जे काही आलं, ते त्या पिशवीत होतं.

गाव कालव्याकडेचं, म्हणजे चारी बाजूंनी ऊस. इथल्या माणसाला झाड दाखवलं की तो पहिल्यांदा विचारतो, याचं काय निघतं? माझ्या घराला लागून तात्यांचं घर. तात्या माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे, पिढीजात ऊसवाले, आणि मनानं इतके चांगले की त्यांच्यावर धड रागावताही येत नाही. मी फिटर होतो हे त्यांना शंभरदा सांगून झालं, पण क्वार्टरमध्ये राहिलेला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी सायेबच. माझ्या पिशव्यांतली रोपं बघून ते म्हणाले, "सायेब, नारळ लागत न्हाय, खजूर लागत न्हाय, रस निघत न्हाय. मग ह्याला पोसायचं कशापायी?"

"बघायला," मी म्हणालो.

"बघायला ऊस हाय की."

आता या माणसाला काय सांगायचं? मी हट्टालाच पेटलो. आमच्याकडे घरभरणी असो, नामकरण असो, कुणाचा सत्कार असो, पाहुण्याला टॉवेल-टोपी द्यायची रीत. मी टॉवेल-टोपी बंद केली आणि पामचं रोप द्यायला लागलो. बायकोनं डोक्याला हात लावला. "लोक काय म्हणतील? टोपीचे पैसे वाचवले म्हणतील." म्हणालेच लोक. एका घरभरणीला मी नेलेलं रोप यजमानानं माझ्यादेखत गोठ्याच्या भिंतीला टेकवलं आणि म्हशीनं ते तिथल्या तिथं खाल्लं. मी वरण-भात घशाखाली उतरवला आणि घरी आलो. पण थांबलो नाही. बुद्धविहारापुढं दोन्ही बाजूंनी चार रोपं लावली, रोज संध्याकाळी जाऊन पाणी घातलं. ती जरा वर आली, पानं उलगडली, तेव्हा कुठं लोकांचे डोळे उघडले. लग्नाचे फोटो तिथं काढायला लागले. मग काय विचारता! जो तो पाम मागायला दारात.

आणि तिथून माझ्या डोक्याचा ताप सुरू झाला.

लोणी देवकरच्या एमआयडीसीत कामाला जाणारा आमचा एक शेजारी. त्यानं कंपनीतून ऑईलचे रिकामे ड्रम आणले, कापले, रंगवले आणि त्यात पाम लावले. मी म्हणालो, "खाली भोकं पाडलीस का?" तर म्हणतो, "भोकं पाडली तर पाणी नाय का जाणार?" अरे बाबा, पाणी जाण्यासाठीच भोकं असतात! ऐकलं नाही. मुळं कुजली. पानं लोळागोळा होऊन पडली तेव्हा माझ्याकडेच आला, "तुमचं बियाणंच खराब दिसतंय."

तात्यांनी सगळ्यात शेवटी रोप मागितलं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी मागितलंच नाही. आक्कांनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, कुंपणावरून हात पुढं केला आणि म्हणाल्या, "एक मला द्या. ह्यास्नी दिऊ नगा." त्यांनी ते मागच्या दाराशी, मोरीच्या पाण्यावर लावलं. ते पाहून तात्यांना पण झटका आला. माझ्याकडून मूठभर बिया नेल्या, वाफा केला आणि मग रोज सकाळी एक-एक बी उकरून बघायचे, मोड आला का. मी सांगून दमलो. "तात्या, पामची बी महिनोन्महिने गप्प बसते. उकरू नका."

"उकरत न्हाय, नुसतं बघून परत ठेवतो."

ठेवून ठेवून सगळ्या कुजवल्या. मग माझ्याकडून तयार रोपं नेऊन बांधावर लावली. त्यांना युरिया टाकला, पाटाचं पाणी सोडलं, खालची पानं ओरबाडून काढली, उसाचं पाचट काढतात तशी. एकही जगलं नाही. जगला तो फक्त मागच्या दारचा, कारण तिथं आक्का होत्या. तात्या खुरपं घेऊन त्या बाजूला वळले रे वळले की आतून आवाज यायचा, "हात लावू नगा!" आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. बायको हसायची. तात्या ओशाळं तोंड करून परत फिरायचे.

आक्का गेल्या वर्षी गेल्या. थोडं दुखणं झालं आणि गेल्या. त्यानंतर तात्या मागच्या दारानं फारसे जायचे नाहीत. बहुतेक वेळ माझ्या ओट्यावर असायचे आणि माझ्या फाटकाजवळचा पाम बघत बसायचे. क्वार्टरहून आणलेल्या बियांतला माझा पहिला पाम तो. बाकीचे वाटले, हा कुणाला दिला नाही. त्याला नुकतं कुठं खोड धरायला लागलं होतं. तात्या म्हणायचे, "सायेब, ह्यो काय वाढत न्हाय. माझा ऊस दोनदा कारखान्याला गेला, ह्यो हाय तितकाच."

"वाढतोय. तुम्हाला दिसत नाही."

"काय तरी करायला पायजे ह्याला."

त्याच वेळी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

या उन्हाळ्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, बारामतीला. डॉक्टरांनी धूळ-ऊन टाळायला सांगितलं, म्हणून लेकीनं तिच्याकडेच ठेवून घेतलं. बायकोही बरोबर. बंगल्यांच्या त्या आळीत, काळा चष्मा लावून, मी खोलीत कोंडल्यासारखा. एक दिवसाआड तात्यांचा फोन. "झाडाची अजिबात काळजी करू नगा. समदं माझ्यावर सोपवा." शेवटी-शेवटी तर फारच खुशीत होते. "येऊन बघाच. वळखायचा न्हाय तुमास्नी." लेकीला म्हणालो, मला गावी सोड. ती म्हणाली, "बाबा, डोळा महत्त्वाचा का झाड?" उत्तर दिलं नाही, कारण ते तिला आवडलं नसतं.

घरी आलो, रिक्षातून उतरलो. फाटकाजवळ पाम नव्हता.

म्हणजे होता. जमिनीबरोबर गुळगुळीत छाटलेलं एक थाळीएवढं बूड होतं, भोवती आळं, आळ्यात पाणी, वर पाचटाचं आच्छादन, पाचटावर युरियाचे पांढरे दाणे. आणि बाजूला तात्या, लग्नघरातल्या यजमानासारखे हसत उभे.

उसाचं एक असतं. तोडणी झाली की बुडखा धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटायचा, खत-पाणी द्यायचं. त्याच बुडाच्या डोळ्यांतून नवे फुटवे येतात, पहिल्यापेक्षा जोमानं. तो खोडवा. तात्यांनी जन्मभर हेच केलं. त्यांच्या हातानं कापलेलं कायम पुन्हा उगवून आलेलं. त्यांनी माझ्या पामचा खोडवा धरला होता.

"आता बघा कसा फुटतोय," तात्या म्हणाले. "लई दिवस अडून बसला हुता. बुडखा असा साफ मारलाय की धा फुटवं येतील. अख्ख्या आळीला पुरतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरांनी वाकू नको, ओरडू नको, ताण घेऊ नको म्हणून सांगितलं होतं. मी ओरडलो. अहो, त्याला एकच शेंडा असतो! एकच! त्याच्या खोडाला डोळे नसतात, फुटवे नसतात, शेंडा गेला की झाड गेलं! तुम्हाला किती वेळा सांगितलं, किती वेळा! बायको माझा दंड धरून मागं ओढत होती, ड्रमवाला शेजारी त्याच्या दारात येऊन उभा राहिला, आणि मी आपला रस्त्यात उभं राहून सत्तरीच्या पुढच्या माणसाला फैलावर घेत होतो. काळ्या चष्म्याआडून पाणी येत होतं. ऑपरेशनचं असेल.

तात्यांचं हसू कुठल्या कुठं गेलं. ते खाली बसले आणि त्या बुडावर हात फिरवत राहिले. "एक बी डोळा न्हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग आता?"

"आता काही नाही."

ते उठून घरी गेले. मी जेवलो नाही. बायको म्हणाली, झाडासाठी एवढं? मी म्हणालो, हो, झाडासाठी एवढं. इतकी वर्षं त्या कंपनीत घासली, तिथला एक पाम माझ्या दारात उभा होता, तोही माझ्याच मित्रानं मायेनं कापला. त्याच्याशी भांडावं तरी कसं?

दुसऱ्या दिवशी चहा घेत होतो, तर फाटकाबाहेर कुदळीचा आवाज. जाऊन बघतो तर तात्या बूड उकरून खड्डा मोठा करत होते. बाजूला हातगाडीवर, ओल्या पोत्यात गुंडाळलेला मातीचा भलामोठा गड्डा आणि त्यावर पाम. मागच्या दारचा. आक्कांचा.

"तात्या!" मी कपाळावर हात मारून घेतला. "भर उन्हाळ्यात? एवढा मोठा? मुळं तुटली असतील सगळी! मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर न्हाय म्हनला असता."

"म्हणालोच असतो! राहू द्यायचा होता तिथं. आक्कांनी..."

"तिचाच हाय म्हणून आणलाय," ते म्हणाले. "माझ्या हातातनं वाचलेलं दुसरं काय हाय का माझ्याकडं?"

झाड आधीच जमिनीतून निघालेलं. आता भांडत बसलो असतो तर हातगाडीवरच वाळलं असतं. मी चष्मा सावरला आणि गड्डा धरायला गेलो, तर बायकोनं मला बाजूला सारून स्वतःच हात लावला. ड्रमवाला शेजारी आला. सगळ्यांनी मिळून पाम खड्ड्यात उतरवला.

मग व्हायचं तेच झालं. एकेक करत पानं करपली. ऊन असं की मी त्याला जुन्या चादरीची सावली बांधली. राहिला तो मधला कोंब, सरळ, मिटलेला. पामवाले तो कोंब हळूच ओढून बघतात. हातात आला तर आतून कुजला, झाड गेलं. मला काही ओढायचा धीर होईना. तात्यांना म्हणालो, तुम्ही बघा. ते म्हणाले, "म्या? म्या न्हाय बाबा." आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले. ज्या माणसानं रोज बिया उकरल्या, तो माणूस.

शेवटी त्यांच्या तंबाखूच्या डबीतला चुना घेतला आणि कोंबावरून शेजारच्या पानाच्या देठापर्यंत एक सरळ आडवी रेघ मी ओढली. कोंब वाढला तर त्याच्यावरची रेघ वर सरकणार. नाही तर तिथंच राहणार. मग रोज सकाळी आम्ही दोघं रेघेपुढं उभे. बायको चहा तिथंच आणून द्यायची. रेघ हलत नव्हती. माझी चिडचिड वाढत होती. तात्यांवर, उन्हावर, कुणी पिवळं पान घेऊन आलं की त्याच्यावरही. तात्या आता कोयता आणायचे नाहीत, युरियाचं नाव काढायचे नाहीत, नुसते उभे राहायचे.

परवा सकाळी मी जरा उशिरा बाहेर आलो. तात्या आधीच तिथं होते. नजर अजून नीट बसलेली नाही, म्हणून मी पार जवळ गेलो. कोंबावरची रेघ देठावरच्या रेघेपेक्षा वर दिसत होती. नखभर. मला खरं वाटेना. कोंब घट्ट आहे का बघावा म्हणून मी बोटं पुढं केली.

"हात लावू नगा!" तात्या ओरडले.

आत आमच्या स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज एकदम थांबला. बायको ओल्या हातानं दारात आली आणि तात्यांकडे बघत उभी राहिली.