धुतलेलं तूप

लेक बाळंतपणाला पुंडलिकनगरच्या घरी आली आणि मी आईचं काश्याचं ताट काढलं. त्यात साजूक तूप घ्यायचं, पाणी घालून तळव्यानं घोळायचं, ते पाणी ओतून पुन्हा नवं घालायचं. शेवटी तूप पांढरं, मऊ, गार होतं. बाळाला पाजून छातीला चिरा पडतात, त्यांवर ते लावतात. आज तो वास हाताला लागला आणि मी गंगापूरला, माहेरच्या ओसरीवर जाऊन बसले.

माझा पहिला मुलगा तापानं गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशीही आई हेच ताट घेऊन माझ्यापाशी बसली होती. बाळ नव्हतं, पण दूध थांबलं नव्हतं आणि चिरा तशाच ठणकत होत्या.

"लई आग व्हतीय का गं?" तिनं विचारलं. मी मान हलवली. तिनं बोटाच्या टोकानं तूप लावलं आणि रोजच्या सवयीनं बोलून गेली, "पाजायच्या आधी पुसून घे बरं."

तिचा हात तिथंच थांबला. मग ताट उचलून ती भिंतीकडं तोंड करून बसली. पाठ हलत होती. मला तेव्हा तिचा रागच आला होता.

आज बाळ शेजारी निजलेलं असताना लेकीला तूप लावलं. पुढचं वाक्य काही केल्या तोंडातून निघेना. शेवटी तीच म्हणाली, "आई, पाजायच्या आधी पुसून घ्यायचं ना?"

"व्हय," मी म्हणाले, आणि ताट उचलून भिंतीकडं तोंड केलं.