वाक्य पूर्ण करावे

नाटक कंपनीत त्यांना खऱ्या नावानं कुणी हाक मारली नाही. सगळ्यांसाठी ते पूर्णविराम. काम प्रॉम्प्टरचं. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, ओळीवर बोट, आणि नट अडला की पुढचे शब्द कुजबुजायचे. असे, की नटाला ऐकू जावेत आणि पहिल्या रांगेला मात्र पत्ता लागू नये. कुणी वाक्याचं शेपूट गिळलं, की पडदा पडल्यावर हे रंगाच्या खोलीच्या दारात हजर.

"राजे, आजचं 'आहे' कुठे ठेवलंत? घरी विसरलात?"

राजे तोंडाचा रंग पुसता पुसता हसायचे, पण पुढच्या प्रयोगाला 'आहे' आपल्या जागेवर असायचं.

त्यांचं खरं कसब शब्दांत नव्हतंच, शांततेत होतं. नट गप्प झाला की पापणी लवायच्या आत ओळखायचं: हा विसरलाय, की मुद्दाम थांबलाय? विसरलेल्याला शब्द दिला नाही तर तो भर रंगमंचावर बुडतो. थांबलेल्याला दिला तर त्याच्या अभिनयाची माती होते. यात पूर्णविरामांची कधी गफलत झाली नाही, असं मोठ्या बाई अजून सांगतात. मोठ्या बाई म्हणजे कंपनीच्या नायिका. आता पूर्णविरामांच्याच गल्लीच्या टोकाला राहतात.

बायको लवकर गेली. मुलगी विंगेतच वाढली. त्या स्टुलाला टेकून बसायची, बापाच्या बोटामागून डोळे फिरवायची, आणि तशीच एक दिवस वाचायला लागली. पुढे लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. कंपनीही मिटली. बापलेकीत उरला तो फोन.

ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची, तीही निम्मी अक्षरं खाऊन. "jvlat ka" असं आलं की पूर्णविराम चष्मा पुसून एका बोटानं उत्तर टाइप करत: "होय. मी जेवलो. 'जेवलात का?' असे लिहावे."

मग तिचा फोनच यायचा. "बाबा, मेसेज आहे तो, परीक्षेचा पेपर नाही!"

"प्रश्नचिन्ह नव्हतं. एक मार्क कापला."

"कापा. आणि शेवटी ते टिंब देत जाऊ नका हो. रागावल्यासारखं वाटतं."

"टिंब काय म्हणतेस? पूर्णविराम म्हण. बापाचं नाव आहे ते."

एकदा तिनं नुसतंच "k" पाठवलं. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाली, "म्हणजे ठीक. ओकेमधला के."

"मुळात ओके एवढंसं. त्याचंही मुंडकं उडवलंस?"

ती इतकी हसली, की त्यांना फोन कानापासून लांब धरावा लागला.

अशाच एका दुपारी ते भाजी चिरत असताना मेसेज आला: "yeu k".

येऊ, ठीक? ना शेंडा ना बुडखा. पूर्णविरामांनी हात पुसले आणि नेहमीच्या थाटात लिहिलं: "वाक्य पूर्ण करावे." भाजी फोडणीला टाकली, आणि विसरून गेले.

त्या दिवशी उत्तर आलं नाही. नंतर मात्र जे मेसेज येऊ लागले, ते पाहून पूर्णविराम हरखलेच. देवनागरीत, ऱ्हस्वदीर्घ चोख, विरामचिन्हं जिथल्या तिथं. "आपली प्रकृती कशी आहे? माझी उत्तम आहे. काळजी घ्यावी." ते फोन घेऊन थेट मोठ्या बाईंकडे गेले.

"बघा, पोरगी सुधारली."

बाईंनी वाचलं. "आपली? बापाला 'आपली'?"

"अहो, आदर असतो तो."

"असेल बाई," म्हणाल्या, पण फोन परत देताना त्या हसल्या नाहीत.

मग एके सकाळी जावयाचा फोन आला. आवाज कोरडा. "तिचे कपडे राहिलेत इथे. तुमच्याच पत्त्यावर पाठवू ना?"

"पत्ता? म्हणजे?"

"तुमच्याकडेच आहे ना ती? आमचं वाजलं त्या दुपारी, बाबांकडे जाते म्हणून बॅग घेऊन निघाली."

पूर्णविरामांनी फोन ठेवला. जुने मेसेज वर सरकवत सरकवत त्या दुपारपाशी आले. समोर तीच अक्षरं, पण त्यांना ती वाचता येईनात. चपला उलटसुलट घालून ते मोठ्या बाईंच्या दारात उभे राहिले.

बाईंनी फोन हातभर लांब धरला. अक्षरं लावली. मग त्यांच्याही नकळत त्यांच्यातली नटी जागी झाली, आणि त्यांनी ते वाक्य म्हटलं. उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या मुलीच्या आवाजात, अगदी हळू.

"येऊ का?"

पूर्णविरामांनी फोन परत घेतला आणि त्या शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलं.

"के म्हणजे ठीक, असं तिनंच शिकवलं होतं मला," पूर्णविराम म्हणाले.

"रडताना कुठली अक्षरं धड उमटतात रे? ती अडली होती पूर्णविरामा. आणि तू तिला..."

बाईंना पुढे बोलवेना. आयुष्यात पहिल्यांदा पूर्णविरामांनी समोरच्याला शब्द दिला नाही.

मुलीला फोन लावला, तिनं उचलला नाही. मग घरी येऊन ते खिडकीशी बसले. तिच्याच भाषेत लिहायचं ठरवलं. एकेक इंग्रजी अक्षर शोधून टाइप केलं. "ye g chukl mz". ये गं, चुकलं माझं. शेवटी टिंब दिलं नाही.

पडद्यावर 'टाइप करत आहे' उमटलं. विझलं. पुन्हा उमटलं. पुन्हा विझलं. ती अडली होती की थांबली होती? शेकडो प्रयोग शांतता वाचण्यात गेलेल्या माणसाला पोटच्या पोरीची शांतता वाचता येत नव्हती. ते नुसते बसून राहिले.

उत्तर आलं. "सध्या नव्या नोकरीमुळे येणे कठीण आहे. पुढे सवड झाल्यास अवश्य कळवीन."

ओळीवर बोट ठेवून त्यांनी ते वाचलं. मग परत पहिल्यापासून, अक्षर अन् अक्षर तपासत. कुठे एखादी वेलांटी चुकली असेल, घाईत एखादं अक्षर खाल्लं असेल, शेवटचं टिंब राहिलं असेल. एवढ्याशा फटीतूनही त्यांना आत जाता आलं असतं.

एकही चूक नव्हती.