नेत्राच्या सायकलीचा दसरा

जयवंत सावंतांना हलकेपणाचं वेड आहे, हे त्यांच्याकडे बघून कुणालाही पटत नाही. बोरिवलीत वझिरा नाक्याच्या आत त्यांचं सायकलचं दुकान आहे, आणि त्याच्या दारातून शिरताना त्यांना किंचित तिरकं व्हावं लागतं. त्यांची बायको सुलक्षणा जेवायला वाढताना म्हणतेच, "अहो, सायकलीचं पोट सपाट केलंत, आता घरचंही बघा." त्यावर जयवंतराव भातावर आणखी एक पळी सार घेतात आणि सांगतात, "शर्यत मी नाही मारत, नेत्रा मारते."

नेत्रा कोळी ही गोराईची मुलगी. डोंगरातल्या सायकल शर्यती हाच तिचा धंदा. एक कंपनी तिला त्यासाठी पगार देते आणि कार्बनची सायकलही त्या कंपनीचीच. ती सायकल बोटीत घालून खाडी ओलांडून नेत्रा पहिल्यांदा दुकानात आली, तेव्हा जयवंतरावांनी सायकल एका हाताने उचलली, डोळे मिटले आणि म्हणाले, "अजून जड आहे."

तिथून सुरुवात झाली. लोखंडी बोल्ट जाऊन टायटेनियमचे आले. सीटखालचा दांडा कापून आखूड झाला. हँडलच्या टोकांची बुचं जयवंतरावांच्या वडिलांच्या कानशीने घासून कागदासारखी झाली. वडील गिरणीत फिटर होते. आता त्यांची कानस कार्बनच्या सेवेत रुजू झाली. दोन्ही ब्रेकच्या डिस्क, म्हणजे ब्रेकचे पॅड ज्यांना चिमटीत धरतात त्या चाकावरच्या चकत्या, जाऊन जाळीसारख्या बारीक डिस्क आल्या. काढलेला प्रत्येक तुकडा जयवंतराव शेजारच्या नंदकिशोर सोनाराच्या काट्यावर घालायचे. मंगळसूत्र बघायला आलेल्या बायका माना लांब करायच्या, आणि नंदकिशोर गंभीरपणे सांगायचा, "सावंत, घडणावळ पडेल." एकदा तर जयवंतरावांनी सायकलीवरचे स्टिकरही खरवडले. त्यावर पगार देणाऱ्या कंपनीचंच नाव होतं. कंपनी काही हसली नाही. स्टिकर परत लागले.

नेत्राची एकच कुरकुर होती. "काका, हे बारीक ब्रेक उतारावर तापतात. धरतच नाहीत नीट."

"तू ब्रेक मारतेसच कशाला?" काका म्हणायचे.

दसऱ्यानंतरच्या रविवारी कर्जतकडच्या डोंगरात निवडीची शर्यत होती. पहिल्या तिघींना राज्याच्या संघात जागा. नेत्रा गेल्या वर्षी चौथी आली होती. यंदा तिला आत बसवायचंच, असं जयवंतरावांनी तिच्या आजीला कबूल केलं होतं. आजी म्हणजे सरूबाई. बोरिवलीच्या मासळीबाजारात बसतात, आणि त्यांना दिलेला शब्द मोडून पापलेट घेणं अवघड.

दसऱ्याला सरूबाई नारळ आणि झेंडूचा हार घेऊन दुकानात आल्या. नारळी पौर्णिमेला होडी पुजतात, मग नातीची होडी का सोडायची? जयवंतराव हार हातात तोलून म्हणाले, "सरूबाय, एवढा हार घातलात तर माझी दोन महिन्यांची मेहनत वाया."

"मेल्या, पूजेला उभी हाय ती, शर्यतीला नाय."

शेवटी एका फुलावर तडजोड झाली. सरूबाईंनी बाहेर पायरीवर नारळ फोडला. आत जयवंतरावांनी वडिलांकडून शिकलेली पूजा केली: प्रत्येक हत्यारावरून आधी तेलाचं फडकं, मग हळदकुंकू. गिरणीत असंच चालायचं. तेल नाही लावलं तर यंत्राला गंज चढतो आणि देवालाही बरं वाटत नाही. नट आवळायचे पाने झाले, कानस झाली, पंप झाला. हात सवयीने पुढे सरकत गेला.

दुसऱ्या दिवशी नेत्रा उत्तनच्या उतारावर सरावाला गेली आणि करवंदीच्या जाळीतून परतली.

"काका, ब्रेकच लागत नाहीत."

जयवंतरावांनी तिचे ओरखडे पाहिले, मग डिस्क पाहिली. डिस्कवर तेलकट, पिवळट थर होता. "सरूबाय," ते मासळीबाजारात जाऊन म्हणाले, "चाकाला हळद तुम्ही लावलीत ना?"

सरूबाईंनी सुरमईची तुकडी पाडली, सुरी पुसली. "मी पायरीवर नारळ फोडला. आत तू व्हतास. फडका कोनाच्या हातात व्हता?"

जयवंतरावांनी दुकानात येऊन फडकं उलगडलं, तर त्यावर डिस्कच्या जाळीचा ठसा होता. ब्रेकला बोटसुद्धा लावू नका, असं गिऱ्हाइकांना ओरडून सांगणारा माणूस स्वतः तेलाचं फडकं फिरवून बसला होता. डिस्क स्पिरिटने पुसता आली, पण पॅड तेल पिऊन बसले होते. तेल जळून जावं म्हणून ते त्यांनी घरच्या गॅसवर भाजून पाहिले. सुलक्षणाने खिडक्या उघडल्या आणि विचारलं, "हे जेवायला आहे का?" पॅड सुधारले नाहीत, आणि तसले हलके पॅड रविवारच्या आत मिळणार नव्हते.

राहिला फरसाणाचा डबा. सायकलीचे मूळचे जाड पॅड आणि जाड डिस्क त्यातच पडून होत्या. बसवताना जयवंतरावांचा चेहरा असा झाला होता, जणू कुणी त्यांनाच जड केलंय.

"एवढं काय त्यात," संध्याकाळी सायकल न्यायला नेत्राबरोबर आलेल्या सरूबाई म्हणाल्या. "नांगर हलका करून कोन दर्यात जातंय काय?"

नेत्रा खाली बघून हसली. तिने ब्रेक दाबून पाहिला, आणि पुन्हा दाबला.

रविवारी चढावर ती पाचवी होती. खाली उभ्या जयवंतरावांनी मनातल्या मनात जाड डिस्कला सगळ्या शिव्या दिल्या. मग उतार सुरू झाला. पुढच्या दोघी प्रत्येक वळणाच्या फार आधीपासून वेग कमी करत होत्या. नेत्रा वळणाच्या तोंडापर्यंत तशीच सुसाट यायची, तिथे ब्रेक दाबायची आणि आतल्या बाजूने पुढे निघून जायची. ती तिसरी आली, सायकल जयवंतरावांच्या अंगावर टाकली आणि मातीने भरलेल्या तोंडाने म्हणाली, "काका, हे ब्रेक आता काढायचे नाहीत."

"बरं," काका म्हणाले. इतकं छोटं वाक्य त्यांच्या तोंडून सुलक्षणानेही ऐकलेलं नाही.

जाड डिस्क आहेत तशाच आहेत. वर्षभराने, या दसऱ्याला, पूजेआधी जयवंतरावांनी दोन्ही चाकांच्या डिस्कवर सुलक्षणाच्या अंघोळीला केसांवर घालायच्या प्लास्टिकच्या टोप्या चढवल्या, आणि सरूबाईंना अख्खा हार घालू दिला. पूजा आटोपल्यावर मात्र त्यांनी हार हळूच काढून घेतला आणि नंदकिशोरकडे गेले. उगीच, वजन माहीत असावं म्हणून.