बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी

चंद्रपूरच्या शाळेत मी तीस वर्षं भूगोल शिकवला. त्यामुळे कोळशाबद्दल कुणी मला काही सांगायला लागलं, की माझं डोकं फिरायचं. दलदलीतलं जंगल गाडलं जातं, त्याचं आधी पीट होतं, मग लिग्नाइट, मग आमच्या खाणींतून निघून वीजकेंद्राच्या भट्टीत जाणारा बिट्युमिनस, आणि शेवटी सगळ्यात कडक, कमी धुराचा अँथ्रासाइट. कोट्यवधी वर्षांचं काम ते, आणि मी एका तासात उरकायची.

लेकीच्या बाळंतपणासाठी रियाधला आले. जावयांनी कोळशाचं पोतं आणलं, तेव्हा मी एक तुकडा हातात घेऊन पाहिला. दगडी नव्हे, लोणारी. इथल्या काटेरी झाडांची लाकडं कमी हवेत जाळून केलेला. इथले लोक थंडीत वाळवंटात सहलीला जातात तेव्हा त्यावर मांस भाजतात.

"आई, घरात हीटर आहे की," जावई म्हणाले.

"हीटरवर ओवा-शेपांची धुरी देता येते का?"

जावयांनी पोतं उचलून बाल्कनीत नेऊन ठेवलं. सासूपुढे शहाणपण चालत नाही.

बाळाचा आठवा दिवस होता. दोघांना न्हाऊमाखू घातलं. शेगडी बाल्कनीत पेटवली, धूर पूर्ण जाऊ दिला, निखारे फुलल्यावर आणून बाजेखाली ठेवली. धूर नाही म्हणजे धोका नाही, हे माझं गणित. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दार लावलं, फटीत टॉवेल कोंबला. खिडकी तर धुळीसाठी आधीच चिकटपट्टी लावून बंद केलेली. माझ्या बाळंतपणात आईनं असंच केलं होतं. फक्त आमच्या घरावर कौलं होती आणि त्यांतून आभाळ दिसायचं, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

थोड्या वेळानं लेक म्हणाली, "आई, गरगरतंय गं."

"अंगातला वात निघतोय," मी म्हटलं. माझंही डोकं ठणकत होतं. बाळाची दुधाची वेळ टळून गेली तरी ते उठलं नाही, तर मी म्हटलं, किती गुणी आहे! आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तेवढ्यात शेजारची येमेनी बाई बाळंतिणीसाठी सूप घेऊन आली. जावई बाहेरच्या खोलीत कंपनीचं काम करत बसले होते, त्यांनी तिला आत पाठवलं. तिनं दार ढकललं, बाजेखालचे निखारे पाहिले आणि किंचाळली, "बर्रा! बर्रा!" बाहेर, बाहेर! सूप तिथंच टाकून तिनं बाळ उचललं आणि जिन्याकडं धावली. जावयांनी आम्हा दोघींना ओढत बाहेर आणलं.

बाळ शेजारणीच्या मांडीवर लुळं पडलं होतं. ती त्याचे तळवे चोळत होती, टिचक्या मारत होती, अरबीत काहीतरी पुटपुटत होती. मी पायरीवर बसून नुसती पाहत होते. देवाचं नावसुद्धा आठवेना. किती वेळ गेला कोण जाणे. मग बाळ रडलं.

दवाखान्यात आम्हा तिघांनाही ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी समजावलं: कोंडलेल्या जागेत कोळसा अर्धवट जळतो, त्यातून विषारी वायू निघतो, त्याला ना रंग ना वास. बंद तंबूत असं होऊन दर थंडीत इथं माणसं दगावतात. हा धडा विज्ञानाच्या बाईंचा, माझा नव्हे, अशी एक सबब मनात आली आणि तिथंच विरली.

शेजारीण मला एका शब्दानं बोलली नाही. आम्ही घरी आलो त्या दिवशी पुन्हा सूप घेऊन आली, सोबत रबराची गरम पाण्याची पिशवी. शेक त्या पिशवीनंच झाला. तिचे उपकार मी कोणत्या भाषेत मानणार? 'शुक्रान' एवढा एकच शब्द मला यायचा, तो मी दिवसातून चारदा म्हणायची.

बारसं लांबलं, पण झालं. बाळाची आत्या नागपुरात. तिला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली, "माझा मान त्यांनाच द्या." लेकीनं शेजारणीला सगळं समजावलं. तिनं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, आणि आमच्या ओळखीच्या बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. ती आधी दचकली, मग खळखळून हसली.

सगळ्यात शेवटी माझी पाळी आली. मी हात उगारला, पण मारवेना. तसाच तिच्या पाठीवर ठेवला आणि रडले.