घोड्याचं काय झालं?

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टेलिफोनवरून आम्ही एक जाडजूड कादंबरी वाचली होती, हे मी घरात अनेकदा सांगितलं आणि सगळे हसले. पण घोड्यापाशी आलो की मी विषय बदलायचो. आज बदलणार नाही.

सत्तर सालच्या आगेमागे मी कर्जतच्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतो. तेव्हा फोनला डायल नव्हती. कुणी रिसीव्हर उचलला की माझ्यासमोरच्या बोर्डावर त्याच्या नंबरची छोटी झडप पडायची. मग मी दोरीचा प्लग लावून विचारायचो, "नंबर?" दुपारी एक ते अडीच मात्र झडपा गप्प असायच्या. बाजारपेठ जेवून आडवी झालेली असायची. तेवढ्या वेळात मी खालापूर आणि माथेरानच्या लाईनी आपसात जोडून द्यायचो आणि आम्ही तिघं ऑपरेटर बोलत बसायचो. खालापूरला एक बाई होत्या, माथेरानला पन्नाशीचे एक मिश्कील गृहस्थ. हाका गावाच्या नावानंच. "बोला खालापूर." "ऐका कर्जत."

माथेरानच्या एका हॉटेलात कुणी पाहुणा पुस्तक विसरून गेला. वरचा पुठ्ठा गेलेला, अक्षर मुंगीएवढं, सातशेच्या वर पानं. कुठल्याशा थंड मुलखातली नावाजलेली कादंबरी, मराठीत आणलेली. माथेरानने ती माझ्याकडे खाली धाडून दिली.

"चारदा सुरू केली, चारदा घोरलो," ते म्हणाले. "तुमचा आवाज बरा आहे. तुम्ही वाचा, आम्ही ऐकतो. कळली तर तिघांना कळेल, नाही कळली तर एकट्यालाच कमीपणा नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाचायला लागलो. पात्रांची नावं जिभेला वळत नव्हती, म्हणून आम्ही त्यांना नंबर दिले. नायक एक नंबर, त्याचा धाकटा भाऊ दोन, आई तीन. खालापूरच्या ताई विचारायच्या, "काय हो, चार नंबरचं लग्न ठरलं का?" आणि माथेरान म्हणायचं, "लाईन एंगेज आहे, थांबा जरा." हसत हसत आम्ही शंभर पानं काढली. ती माणसं इतकी का भांडतात आणि भांडून लगेच रडतात का, याचं आम्हाला फार कुतूहल होतं. एकेका वाक्यावर अर्धा अर्धा तास जायचा.

चौथा गडी मागून आला. एके दिवशी मध्येच चिरका आवाज आला, "सायेब, जरा जोरात वाचा ना. हितं वारा लय हाय."

तो आमचा लाईनमन. कोंडाण्याच्या बाजूचा, शेतकऱ्याच्या घरातला, सातवी झालेला. पळसदरीच्या पुढे खांबावर चढून त्याने तपासायचा फोन तारेला लावला होता आणि तसाच ऐकत बसला होता. त्यानंतर तो रोज दुपारी जिथे असेल तिथून तारेला चिकटायचा. माथेरानने त्याचं नाव पाडलं, 'खांबावरचे पंडित'. त्याला खात्याची परीक्षा देऊन ऑपरेटर व्हायचं होतं. ताई त्याला संध्याकाळी इंग्रजी आणि हिशेब शिकवायच्या. मोठी पुस्तकं ऐकलीस की पेपरातले प्रश्न सोपे वाटतील, असं त्यांनीच त्याला सांगितलं होतं.

तीनशे पानांच्या पुढे कादंबरी अवघड झाली. एक नंबर पळून गेलेल्या भावाला शोधायला घोड्यावर बसून शहराकडे निघतो, आणि मग चाळीसेक पानं एकेक वाक्य पाऊण पानाचं. आदल्या दिवशी मी घरी ती पानं वाचून पाहिली. काही कळेना. मी मॅट्रिकला पहिल्या वर्गात आलेला, तिन्ही एक्स्चेंजांत शिकलेला म्हणून ओळखला जाणारा. अडखळत वाचलं आणि कुणी अर्थ विचारला तर काय सांगू? मी ती पानं गाळली. एक नंबर घरी परततो तिथून वाचायला लागलो, जणू मध्ये काही नव्हतंच.

वाचून झालं. खांबावरून आवाज आला, "सायेब, घोड्याचं काय झालं?"

"कुठला घोडा?"

"काल एक नंबर घोड्यावर बसून गेला. आज चालत आला. आन आयशी बोलत पन नाय. मधी काय तरी झालंय. हिकडं आवाज हाय, तिकडं नाय, म्हंजी तार मधीच कुठं तरी तुटलीय."

त्याचं कामच ते होतं. तार कुठल्या दोन खांबांमध्ये तुटली ते शोधणं. आणि त्याने बरोबर जागा धरली होती.

मी म्हणालो, "मोठे लेखक सगळं उलगडून सांगत नाहीत. समजून घ्यायला डोकं लागतं."

माथेरान खो खो हसलं. "अरे पंडिता, घोडा आमच्याकडे आलाय भाड्याने! सकाळीच एका शेटला फिरवून आणला."

मीही हसलो. ताई हसल्या नाहीत.

त्याने आणखी दोन-तीनदा विचारलं. दर वेळी "घोडा सापडला का रं?" ही चेष्टा ठरलेली. कार्यालयातही ती पसरली. ती मीच पसरवली. मग एका दुपारी तारेवरचा तो वारा ऐकू आला नाही. पुढे कधीच आला नाही.

महिन्याभराने ताईंनी मला एकट्याला फोन लावला. "अहो कर्जत, तो परीक्षेचा अर्ज भरत नाहीये. म्हणतो, येवडी सोपी गोष्ट मला समजत नाय, पेपर काय समजनार. परवा शेवटची तारीख आहे. तुम्ही एकदा त्याला सांगा ना, की प्रश्न चांगला होता. माझं नाही ऐकणार, तुमचं ऐकेल."

"सांगतो," मी म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी तो वायरची गुंडाळी न्यायला आला होता. माझ्या टेबलापासून चार हातांवर उभा होता. सांगायचं तर पानं गाळल्याचं सांगावं लागलं असतं. मी त्याच्यापुढे सहीसाठी रजिस्टर सरकवलं आणि बोर्डाकडे वळलो. तारीख गेली. तो शेवटपर्यंत खांबांवरच राहिला.

पंधराएक वर्षांनी कर्जतला आपोआप चालणारं एक्स्चेंज आलं. जुना बोर्ड काढताना कपाटामागे ते पुस्तक सापडलं. मी घरी नेऊन ती चाळीस पानं वाचली. एकदा नाही, तीनदा. तेव्हा कळली. एक नंबरला भाऊ एका खानावळीत सापडतो. पाठलाग करणारे जवळ आलेले असतात. तो भावाला आपला घोडा देतो आणि बर्फातून पायी परततो. भाऊ आता कधी दिसणार नाही हे त्याला माहीत असतं, आणि आईला ते सांगताही येत नाही. पुढची चारशे पानं त्या घोड्यावर उभी आहेत. आम्ही ती पोकळ वाचली होती. आमच्या चौघांत कादंबरी एकालाच कळत होती, तीही न ऐकलेल्या पानांसकट.

मी पुस्तक पिशवीत घालून त्याच्या गावी गेलो. तो अंगणात इरलं विणत बसला होता. गुडघे गेले होते, त्यापायी नोकरीही आधीच सुटली होती. मला पाहून त्याने सुनेला हाक मारली, "चा टाक गं! सायेब आलंत." आणि तिला कौतुकानं सांगितलं, "ह्ये लय वाचलेलं मानूस. आमाला तारेवर बुक ऐकवायचं. मला डोकं कमी, एका घोड्यापायी सगळ्यांना तरास दिला मी."

मी चहा घेतला. भाताचं विचारलं, गुडघ्यांचं विचारलं. पिशवी मांडीवरच होती. निघताना तो म्हणाला, "बुकाचा शेवट काय झाला वो? मी सोडलं मधीच."

"पुन्हा येईन तेव्हा सांगतो," मी म्हणालो.

भातकापणीच्या आधीच तो गेला. त्या अंगणात मला एवढंच म्हणायचं होतं: घोडा त्यानं भावाला दिला रे. तुझा प्रश्न बरोबर होता. तार मी तोडली होती. मला माफ कर.