बसायची जागा

झांबियाकाका कुठल्याही नव्या ठिकाणी गेले की आधी बसायला जागा शोधत. दमलेले नसत हं. त्यांची सत्तरी उलटली होती, तरी बरोबर चालताना मलाच धाप लागायची. पण शहर जोखायची त्यांची तीच रीत होती. "म्हातारीला फुकट कुठं टेकाय मिळतंय ते बघायचं," ते म्हणत. "मोठं रस्ते काय, कुणीबी बांधतंय."

मूळचे कोल्हापूरचे. नोकरीची सगळी वर्षं मात्र झांबियातल्या एका शहरात, नगररचना खात्यात गेली. बायको तिथेच वारली. २०२०च्या फेब्रुवारीत ते आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या ब्लँचर्डस्टाउनला मुलीकडे दोन महिन्यांसाठी म्हणून आले आणि टाळेबंदीत अडकले. मुलगी स्मिता हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. आपल्यामुळे बाबांना काही व्हायला नको म्हणून ती वरच्या खोलीत राही, ते खाली. एकाच घरात बापलेक फोनवर बोलत. मी शेजारच्या घरात, पुण्याहून आलेली, दिवसभर लॅपटॉपसमोर एकटी.

त्या वसंतात आमच्या बागेतल्या बाकांना पट्ट्या गुंडाळल्या होत्या, कुणी बसू नये म्हणून. काका त्या बाकांसमोर उभे राहून भयंकर चिडत. नियम मोडायचा नाही, पण राग गिळायचाही नाही. मग त्यांनी घडीची खुर्ची अंगणात मांडायला सुरुवात केली आणि मी माझ्या पायरीवर बसू लागले. मध्ये कुंपण.

"कशी हायस?" ते रोज विचारत.

"ग्रँड," मी इथल्यासारखं म्हणे, म्हणजे मजेत.

"एकटं वाटतंय म्हण की सरळ. मला तर लई वाटतंय." असं उघड बोलणारा माणूस मला त्या वर्षात दुसरा भेटला नाही. पुण्याला आईलासुद्धा मी सगळं ग्रँडच सांगत होते.

त्यांच्या गप्पांत बांडाबाई सारख्या येत. त्या शहरातल्या एका मैदानावर जमिनीवर पोतं टाकून टोमॅटो विकणाऱ्या. बाजारातल्या बायकांच्या पुढारी. मिसेस बांडांचं काकांनी बांडाबाई करून टाकलं होतं. नवा साहेब असताना काका त्यांना उठवायला गेले होते. बाईंनी त्यांना शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, आधी दिवसभर बस, मग उठव. काका बसले. संध्याकाळी नुसतेच परत आले. "माझं खरं शिक्षण त्या पोत्यावर झालं," असं ते मुलीच्या डिग्र्यांसमोर मुद्दाम सांगत.

उन्हाळ्यात त्यांच्या हाताखाली काम केलेल्या एका अधिकाऱ्याचा फोन आला. नव्या आराखड्यात त्या मैदानावर बस स्टँड दाखवलं होतं. बाहेरच्या कुणा सल्लागारांनी उपग्रहाचा फोटो पाहून 'मोकळी जागा' अशी नोंद केली होती. फोटो रविवारचा होता, सगळा बाजार चर्चला गेलेला. हरकतींची सुनावणी साथीमुळे ऑनलाइन होणार होती, आणि बांडाबाईंचा फोन साधा, बटणांचा.

काका दोन दिवस जेवले नाहीत, मुलीशी भांडले. "इतकी वरसं त्या शहरात काढली," मला म्हणाले, "आणि त्या बायकांना तिथं न्हाई म्हणून दाखवलंय."

सुनावणीच्या दिवशी लॅपटॉप कुंपणाच्या खांबावर ठेवला. काकांनी बांडाबाईंना फोन लावला. मी माझ्या बाजूनं हात लांबवून तो माइकपाशी धरला. पाऊस भुरभुरत होता. काका छत्री धरून उभे, आणि छत्री सगळी लॅपटॉपवर. झांबियातल्या मैदानावरचा आवाज आमच्या अंगणातून फिरून पुन्हा झांबियातल्याच कचेरीत पोचत होता. "तुम्ही जिला मोकळी म्हणता, त्या जागेवर मी आत्ता बसलेय," बांडाबाई इंग्रजीत सावकाश म्हणाल्या. "मुलं इथंच वाढवली. तुमच्या फोटोला म्हणावं, सोमवारी ये." मग त्यांनी एकेका बाईला नाव सांगायला लावलं. माझा हात भरून आला तरी नावं संपेनात. अध्यक्ष "नोंद घेतली" म्हणाले. काका रात्री पोटभर जेवले, असं स्मितानं सांगितलं.

नोंदीचं पुढे काही कळेना. काका रोज फोन बघत. जानेवारीत त्यांना ताप आला. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात नेलं, तिथून ते परतले नाहीत. अंत्यविधीला दहाच माणसांची परवानगी होती. इथे त्यांच्या ओळखीची दहाही भरली नाहीत. आम्ही चौघं लांब लांब बसलो आणि पांगलो. इतका माणसात बसणारा माणूस, त्याला असं पोचवावं लागलं, हे मला अजून सोसत नाही.

पंधरवड्यानं स्मितानं त्यांचा वाजणारा फोन दारातून माझ्या हातात दिला. "मला नाही जमणार," एवढंच म्हणाली आणि वर गेली.

बांडाबाई होत्या. मागे बाजार गजबजलेला. "बस स्टँड दुसरीकडे नेलं!" त्या ओरडल्या. "कागद आलाय. साहेबांना दे फोन, सगळ्याजणी थांबल्यात."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही.

बांडाबाई त्यांच्या भाषेत मोठ्यानं काहीतरी म्हणाल्या, आणि मागचा गलका विझत गेला. आधी जवळचा, मग लांबचा, शेवटी कुठलीशी हातगाडीसुद्धा थांबली. कुणीतरी रडू लागलं. मी स्मिताच्या जिन्यात फोन कानाला धरून बसले. त्यांनी तो ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.